ना. श्री. बेंद्रे यांचे निसर्गचित्रण : माळव्याच्या उघड्या माळापासून बडोद्याच्या कलाशाळेपर्यंत

प्रस्तावना

चित्रकाराच्या कारकिर्दीचे टप्पे पाडून तिचा अभ्यास करण्याची पद्धत कलेतिहासात रूढ आहे. अभ्यासाच्या सोयीसाठी ती उपयुक्त असली, तरी तिच्यामुळे एक अन्याय हमखास घडतो. पहिला टप्पा हा नेहमी उमेदवारीचा ठरतो आणि पुढील टप्प्यांनी त्याला मागे टाकले, असे गृहीत धरले जाते. नारायण श्रीधर बेंद्रे (१९१०–१९९२) यांच्याबाबतीत नेमके असेच घडले आहे. भारतीय आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात बेंद्रे यांचे नाव मुख्यत्वे बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेचे शिल्पकार, घनवादापासून अमूर्तापर्यंत अनेक शैली हाताळणारे प्रयोगशील चित्रकार आणि उत्तरायुष्यातील बिंदुवादी चित्रांचे कर्ते म्हणून घेतले जाते. त्यापूर्वीची सुमारे दीड तपाची त्यांची वास्तववादी निसर्गचित्रणाची साधना मात्र 'आरंभीची अकादमिक शैली' एवढ्या चार शब्दांत आटोपली जाते.

प्रस्तुत निबंधात या प्रचलित मांडणीचा पुनर्विचार केला आहे. बेंद्रे यांच्या बाबतीत निसर्गचित्रण ही ओलांडून गेलेली पायरी नव्हती. त्यांच्या रंगविचाराचे आणि अध्यापनाचेही मूळ त्या साधनेत आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. वऱ्हाडातील वाचकाला या विषयात आस्था वाटावी, असे एक भौगोलिक कारणही आहे. पूर्णेच्या खोऱ्यातून उत्तरेकडे निघाले की गाविलगडचे डोंगर, मग तापी, पुढे नर्मदा आणि तिच्यापलीकडे माळव्याचे पठार लागते. मध्ये सातपुडा उभा असला, तरी दोन्ही प्रदेशांची काळी माती एकाच बेसॉल्ट खडकाची आहे. कापसाची शेते, पीक निघाल्यानंतरचे भेगाळलेले रान, चैत्रातला पांढुरका उजेड आणि पावसाळ्याच्या तोंडावर काळ्याभोर दिसणाऱ्या जमिनी अकोला-अमरावतीच्या माणसाला वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. बेंद्रे यांची दृष्टी घडली ती अशाच भूप्रदेशात.

निसर्गचित्रणाचा वारसा आणि त्यावरील दुहेरी आक्षेप

बेंद्रे यांच्या हाती आलेले वास्तववादी निसर्गचित्र भारतात कोठून आले, हे आधी पाहिले पाहिजे. भारतीय लघुचित्रपरंपरेत निसर्ग होता. परंतु तो बहुधा कथेची, ऋतूची वा भावाची पार्श्वभूमी म्हणून येई. एखादे स्थळ, ते जसे दिसते तसे, यथार्थदर्शनाच्या नियमांनी आणि छायाप्रकाशाच्या हिशेबाने रंगविणे ही रीत प्रामुख्याने युरोपीय प्रवासी चित्रकारांबरोबर येथे आली. टॉमस आणि विल्यम डॅनियल हे चुलते-पुतणे १७८६ मध्ये भारतात आले, सुमारे सात वर्षे देशभर हिंडले आणि त्यांच्या रेखाटनांवरून सिद्ध झालेली १४४ मुद्राचित्रे १७९५ ते १८०८ या काळात लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. या चित्रांत भारत दिसतो, पण तो पाहुण्याच्या नजरेला दिसलेला भारत आहे. पडके देवालय, वाकलेला वड, पायथ्याशी दोन-चार माणसे आणि दूरवर धूसर डोंगर ही त्यांची ठराविक मांडणी होय.

१८५७ मध्ये मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा सुरू झाली, तेव्हा याच दृष्टीचे पद्धतशीर शिक्षण मराठी मुलांना मिळू लागले. १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली आणि तिच्या वार्षिक प्रदर्शनांतून निसर्गचित्राला प्रतिष्ठा व पारितोषिके मिळू लागली. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी तर कलाशाळेतील शिक्षण आटोपल्यावर आपल्या गावच्या तळ्यांवर आणि नदीकाठांवर आयुष्य वेचले, आणि या परक्या रीतीला पूर्णपणे स्थानिक करून दाखविले. शिकवणी परकी असली, तरी हात आणि डोळा येथलाच होता.

तथापि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या चित्रप्रकारावर दोन्ही बाजूंनी टीका होऊ लागली. कलकत्त्यात हॅवेल आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या चळवळीने वास्तववादी चित्रण हे पाश्चात्त्यांचे अनुकरण ठरविले. पुढे १९४०च्या दशकात मुंबईच्या नव्या पिढीने तेच चित्रण कालबाह्य म्हणून बाजूला सारले. एकाच्या लेखी ते पुरेसे भारतीय नव्हते आणि दुसऱ्याच्या लेखी पुरेसे आधुनिक नव्हते. निसर्गचित्र विकले जात राहिले, दिवाणखान्यांत लागत राहिले, चित्रकला-शिक्षकांच्या हातून शाळाशाळांत शिकविले जात राहिले. परंतु विचाराच्या पातळीवर त्याचा कैवार घेणारे फारसे कोणी उरले नाही. ही उपेक्षा आजही संपलेली नाही, आणि बेंद्रे यांच्या पहिल्या पर्वाकडे झालेले दुर्लक्ष हा तिचाच एक भाग आहे.

इंदूरची शाळा

२१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूर येथे एका मराठी कुटुंबात बेंद्रे यांचा जन्म झाला. होळकरांच्या राज्यातील इंदुरात मराठी भाषा, मराठी घरे आणि मराठी शिक्षक यांचे वातावरण होते. म्हणूनच मुंबईपासून दूर असूनही मुंबईच्या कलाशिक्षणाशी या शहराचा संबंध सहज जुळला. हा संबंध जोडणारी व्यक्ती म्हणजे दत्तात्रय दामोदर देवळालीकर. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंदूर संस्थानात कलाशाळा सुरू झाली, तिची धुरा देवळालीकरांकडे होती. विद्यार्थ्यांनी इंदुरात शिकावे आणि मुंबईच्या शासकीय पदविकेच्या परीक्षेस बसावे, अशी तेथील रीत होती. त्यामुळे अभ्यासक्रम मुंबईचा आणि वातावरण माळव्याचे, असा एक हितकारक मेळ साधला गेला.

देवळालीकरांचे शिक्षक म्हणून वैशिष्ट्य असे की, त्यांनी विद्यार्थ्यांना वर्गाच्या चार भिंतींत ठेवले नाही. कलाशाळेतील नेहमीचा क्रम म्हणजे प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग वस्तुचित्रण, मग व्यक्तिचित्रण असा असे. इंदूरची मुले मात्र रंगपेटी घेऊन गल्ल्यांत, बाजारात, नदीच्या घाटांवर आणि गावाबाहेरच्या माळावर बसू लागली. या शाळेतून बेंद्रे यांच्याबरोबर दे. ज. जोशी, विष्णू चिंचाळकर यांच्यासारखे चित्रकार पुढे आले. मकबूल फिदा हुसेन यांनीही उमेदीच्या काळात येथेच काही धडे घेतले. पुढे या सर्वांच्या वाटा परस्परांपासून फार दूर गेल्या. चिंचाळकर तर वाळलेली पाने, काटक्या आणि टाकाऊ वस्तू यांतून आकार शोधू लागले. पण उघड्यावर बसून पाहण्याची सवय सर्वांच्या हाडीमासी मुरलेली होती.

या सवयीचा तांत्रिक अर्थ काय, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण कलेतिहासाच्या ग्रंथांत त्याचा विचार क्वचितच होतो. उघड्यावर काम करणाऱ्या चित्रकाराला फार तर दीड-दोन तास मिळतात. त्यानंतर सूर्य सरकतो, सावल्यांची दिशा आणि लांबी बदलते आणि समोरचे दृश्य मूळचे राहत नाही. त्यामुळे प्रथम काटेकोर रेखाटन, मग रंगाचे पातळ थर, मग बारकावे, ही चित्रशाळेतील संथ पद्धत तेथे चालत नाही. प्रकाश आणि छाया यांचे चार-पाच मोठे भाग आधी निश्चित करावे लागतात, ते रुंद कुंचल्याने थेट मांडावे लागतात आणि कोणता तपशील सोडायचा याचा निर्णय तत्काळ घ्यावा लागतो. सावली तपकिरी रंगवायची, हा चित्रशाळेत पाठ केलेला नियम तेथे टिकत नाही. वैशाखातल्या दुपारी पांढऱ्या भिंतीवरची सावली निळसर-जांभळी दिसते आणि ती तशीच रंगवावी लागते. इंदूरच्या चित्रकारांच्या कामात जाड रंगलेपन, मोकळे फटकारे आणि दृक्प्रत्ययवादाशी जवळीक दिसते. फ्रेंच चित्रांची मूळ प्रत पाहण्यापूर्वीच ती त्यांच्याकडे आली, याचे एक कारण या परिस्थितीत शोधता येते. छापील प्रतिकृतींचा प्रभाव नाकारण्याचे कारण नाही. परंतु उन्हाने आणि वेळेने जे शिकविले, त्याचे श्रेय केवळ पुस्तकांना देणे योग्य होणार नाही.

माध्यमाची निवडही याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. बेंद्रे यांनी आरंभीच्या काळात तैलरंगांप्रमाणेच अपारदर्शक जलरंग मोठ्या प्रमाणावर वापरले. पारदर्शक जलरंगात कागदाचा पांढरेपणा हाच उजेड असतो आणि चुकीला क्षमा नसते. अपारदर्शक जलरंगात पांढरा मिसळून उजेड मागाहून चढविता येतो, गडदावर फिकट लावता येते, आणि माळव्याच्या कोरड्या हवेत थर लवकर सुकतो. ऊन हाच ज्याचा विषय, त्याच्यासाठी हे माध्यम सोयीचे होते.

येथे एका विसंगतीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ज्या काळात इंदूरच्या कलाशाळेतील मुले मातीच्या भिंती आणि बैलगाड्या रंगवीत होती, त्याच काळात संस्थानाधिपती यशवंतराव होळकर (दुसरे) जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस याच्याकडून माणिकबाग राजवाडा अत्याधुनिक युरोपीय धर्तीवर सजवून घेत होते. शिल्पकार ब्रांकुशी याच्या 'अवकाशातील पक्षी' या मालिकेतील शिल्पे महाराजांनी विकत घेतली आणि नियोजित ध्यानमंदिराच्या निमित्ताने तो १९३७च्या अखेरीस स्वतः इंदुरास येऊन गेला. ते मंदिर कधीच झाले नाही. युरोपातील आधुनिक कला अशी एकाच शहरात, काही मैलांच्या अंतरावर येऊन ठेपली होती. पण कलाशाळेच्या विद्यार्थ्यांची आधुनिकता त्या राजवाड्यातून आली नाही.

काश्मीर, पारितोषिके आणि 'स्थळचित्रा'चा प्रश्न

बेंद्रे यांनी आग्रा विद्यापीठाची पदवी आणि मुंबईची शासकीय कला-पदविका ही दोन्ही १९३३च्या सुमारास संपादन केली. १९३४ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक त्यांना मिळाले. त्यानंतर १९३६ ते १९३९ या काळात त्यांनी श्रीनगर येथे काश्मीर संस्थानाच्या पर्यटन कार्यालयात चित्रकार आणि पत्रकार अशी दुहेरी नोकरी केली.

या तीन वर्षांचे मूल्यमापन सावधपणे केले पाहिजे. पर्यटन कार्यालयातील चित्रकाराकडून अपेक्षित असते ते आकर्षक स्थळचित्र. पाहणाऱ्याला तेथे जावेसे वाटले पाहिजे. म्हणजे डॅनियल चुलत्या-पुतण्यांची पाहुण्याची नजर येथे नोकरीची अट म्हणूनच परत येते. काश्मीरचे सौंदर्य मुळातच इतके तयार असते की, चित्रकाराला निवड करण्याचे कष्ट उरत नाहीत, आणि हाच त्यातील धोका आहे. माळव्याच्या सपाट रानात चित्र शोधावे लागते. दल सरोवराच्या काठी ते समोर मांडून ठेवलेले असते. बेंद्रे यांच्या हाताला या काळात सफाई आली आणि पाणी, धुके, दूरचे बर्फ यांच्या थंड छटांची ओळख झाली, हा लाभ निःसंशय आहे. माळव्याच्या उष्ण पिवळ्या-तांबूस रंगसंगतीला उत्तरेकडील निळ्या-करड्या छटांची जोड मिळाली, आणि पुढील चित्रांत उष्ण व शीत रंगांचा जो नेमका तोल आढळतो त्याची पूर्वतयारी येथे झाली असे मानण्यास जागा आहे. परंतु स्थळचित्राच्या मागणीत अडकून पडलेले अनेक कुशल हात त्या काळात होते. बेंद्रे तेथे थांबले नाहीत, ही गोष्ट त्यांच्या सफाईइतकीच महत्त्वाची आहे.

१९४१ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. त्या काळी मुंबईच्या चित्रकाराला यापेक्षा मोठी मान्यता नव्हती. एकतिसाव्या वर्षी ती पदरात पडलेल्या निसर्गचित्रकाराने उरलेले आयुष्य त्याच पुंजीवर सुखाने काढले असते. याच सुमारास ऑस्ट्रियातून आलेले वॉल्टर लँगहॅमर मुंबईत उघड्यावर झगमगत्या रंगांत निसर्गचित्रे करीत होते आणि तरुण चित्रकार त्यांच्याभोवती जमत होते. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या जंगलपट्ट्यात वाढलेले आणि नागपूरच्या कलाशाळेत १९३९ ते १९४३ या काळात शिकलेले सय्यद हैदर रझा याच वेळी मुंबईत आले. त्यांनाही १९४६ मध्ये सोसायटीचे रौप्यपदक आणि १९४८ मध्ये सुवर्णपदक मिळाले. रझा यांचीही आरंभीची ओळख निसर्गचित्रकार अशीच होती. पुढे 'बिंदू'पर्यंत पोहोचलेल्या या चित्रकाराच्या बाबतीत बालपणीच्या अरण्याचा संबंध समीक्षकांनी आवर्जून जोडला. बेंद्रे यांच्या बाबतीत मात्र माळव्याच्या रानाचा तसा संबंध कोणी फारसा जोडला नाही. बेंद्रे यांनी स्वतःविषयी कमी लिहिले-बोलले, हेच बहुधा त्याचे कारण असावे.

शांतिनिकेतन आणि परदेशप्रवास

१९४५ मध्ये बेंद्रे शांतिनिकेतनात निवासी चित्रकार म्हणून गेले. वास्तववादी निसर्गचित्रकाराने, ज्या परंपरेने वास्तववादाला परके ठरविले तिच्याच उंबरठ्यावर जावे, ही घटना वरवर पाहता मतपरिवर्तनाची वाटते. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. नंदलाल बसू यांनी शांतिनिकेतनात निसर्गाच्या प्रत्यक्ष निरीक्षणाला अध्यापनाचा कणा बनविले होते; विनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज हे दोघेही बीरभूमची लाल माती, ताडाची झाडे आणि संथाळ वस्त्या सतत रंगवीत होते. फरक होता तो निरीक्षणानंतरच्या क्रियेत. इंदुरात समोरच्या दृश्याशी कुंचला प्रामाणिक राहावा अशी अपेक्षा होती. शांतिनिकेतनात पाहावे, मनात साठवावे आणि मग आकाराची लय पकडावी अशी रीत होती. बेंद्रे यांनी निसर्ग सोडला नाही. त्यांनी निसर्ग आणि चित्र यांच्यामधले अंतर वाढविले, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

१९४७-४८ मध्ये ते अमेरिकेस गेले. १९४८ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे एकल प्रदर्शन भरले आणि परतीच्या वाटेवर युरोपातील संग्रहालये पाहता आली. छापील पानावर पाहिलेल्या चित्रांचे मूळ रूप, त्यांचा आकार आणि रंगाचा प्रत्यक्ष थर प्रथमच डोळ्यांपुढे आला. त्यानंतरच्या दशकात त्यांनी घनवादी रचना केल्या, अभिव्यक्तिवादी रंग वापरला, अमूर्ताकडेही वळून पाहिले. 'काटा' या चित्राला १९५५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या शैलीबदलांमुळे बेंद्रे यांच्यावर एकाच वाटेवर स्थिर न राहिल्याचा आक्षेप घेता येतो, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. घनवादी कामांपैकी काही कामे अभ्यासूपणाने केलेल्या पाठासारखी वाटतात. मात्र या काळातील चित्रांतही रंगांचे परस्परसंबंध कधी विस्कटत नाहीत. आकार तोडलेला असला, तरी उजेड कोठून येतो याचे भान टिकून राहते. हे भान कोणत्याही वादाने दिलेले नव्हते.

बडोदे

१९५० मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा सुरू झाली. हंसा मेहता या कुलगुरू होत्या आणि मार्कंड भट्ट हे पहिले अधिष्ठाता होते. बेंद्रे चित्रकला विभागाचे प्रमुख झाले, शिल्पकलेची बाजू शंखो चौधरी यांनी सांभाळली आणि लवकरच के. जी. सुब्रह्मण्यन हेही तेथे आले. दृश्यकलेला विद्यापीठीय पदवीचा दर्जा देणाऱ्या भारतातील आरंभीच्या संस्थांत या विद्याशाखेची गणना होते. १९५६ मध्ये 'बरोडा ग्रूप ऑफ आर्टिस्ट्स' ही संघटना स्थापन झाली. १९५९ मध्ये बेंद्रे अधिष्ठाता झाले आणि १९६६ मध्ये पदाचा राजीनामा देऊन मुंबईस गेले. ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाममोहम्मद शेख, रतन परिमू ही त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी काही नावे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने बेंद्रे यांच्या आयुष्यातील सर्वाधिक विचारार्ह भाग कदाचित हाच असेल. कलाशिक्षकापुढे नेहमी एक पेच असतो. आपली शैली शिकवावी, तर शिष्य प्रतिकृती होतात. काहीच शिकवू नये, तर वर्गाला अर्थ उरत नाही. बेंद्रे यांच्या विद्यार्थ्यांची पुढील कामे एकमेकांपासून आणि गुरूपासूनही इतकी भिन्न आहेत की, तेथे शैलीची शिकवण झाली नाही हे उघड आहे. मग शिकविले काय गेले? बेंद्रे विद्यार्थ्यांसमोर स्वतः रंगवीत, आणि रंग कसा ठेवावा, कोठे थांबावे हे हातानेच दाखवीत. उपदेशापेक्षा प्रात्यक्षिकावर असलेला हा भर म्हणजे देवळालीकरांच्या इंदूर-शाळेचाच विस्तार होता. चित्रकार कसा निर्णय घेतो, हे विद्यार्थ्याला डोळ्यांनी पाहता येत होते. त्या निर्णयाचे पुढे काय करायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. दोन तासांत उतरणाऱ्या उन्हाशी झुंजलेल्या माणसालाच निर्णयाची ही किंमत इतकी स्पष्ट ठाऊक असते. बडोद्याच्या आधुनिकतेच्या मुळाशी असे एका निसर्गचित्रकाराचे शिस्तबद्ध पाहणे होते.

उत्तरकाल

मुंबईस परतल्यानंतरच्या पंचवीस वर्षांत बेंद्रे यांच्या चित्रांत ग्रामीण स्त्रिया, पाणवठे, पक्षी, गुरे, झाडे हे विषय पुन्हा ठळकपणे आले. रंग मात्र आता फटकाऱ्यांनी न लावता लहान लहान ठिपक्यांनी मांडला जाऊ लागला. शेजारी ठेवलेले दोन शुद्ध रंग रंगपटावर मिसळण्याऐवजी पाहणाऱ्याच्या डोळ्यांत मिसळावेत, हे या पद्धतीमागील तत्त्व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरा याने फ्रान्समध्ये मांडले होते. सरा याची चित्रे शास्त्रीय काटेकोरपणामुळे काहीशी गोठल्यासारखी भासतात. बेंद्रे यांचे ठिपके अधिक मोकळे आणि उबदार आहेत. सावलीत निळ्या-जांभळ्या ठिपक्यांच्या मध्येच केशरी ठिपका येतो आणि सावली जिवंत होते. पांढऱ्या भिंतीवरच्या दुपारच्या सावलीत जे इंदुरात पाहिले होते, तेच येथे सावकाश, चित्रशाळेत बसून, एकेका ठिपक्याने सांगितले जात होते. उघड्यावरचे दोन तास आता कित्येक दिवसांचे झाले होते. एवढ्या संथ पद्धतीत उत्स्फूर्तता हरवते, आणि काही उत्तरकालीन स्त्रीचित्रांत गोडवा अंमळ जास्त झाला आहे, हेही मान्य करावे लागेल.

१९६९ मध्ये पद्मश्री, १९७४ मध्ये ललित कला अकादमीचे अधिछात्रपद आणि १९९२ मध्ये पद्मभूषण असे सन्मान त्यांना लाभले. अखेरचा सन्मान जाहीर झाल्यानंतर काही आठवड्यांतच, फेब्रुवारी १९९२ मध्ये, त्यांचे निधन झाले. तोपर्यंत ठिपक्यांच्या पद्धतीने त्यांचे रंगविणे चालूच होते, आणि त्या चित्रांतील पाणवठ्यांवर, अंगणांत व झाडांखाली पडलेले ऊन माळव्याचेच होते.